सिया कोलिसीची भावंडे
(वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला शिष्यवृत्तीविषयी बोलायला सांगितले आहे. समितीपुढे आलेली सूचना आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आहे. आपल्या वसतिगृहातील खेळात चमकणारी दोन-तीन मुले निवडावीत, त्यांना शहरातल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेत पाठवावे आणि वर्षाच्या देणगीतला मोठा वाटा त्यांच्यासाठी ठेवावा, अशी ती सूचना आहे. ती चांगल्या मनाने आली आहे. माझे मत सांगण्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या एका रग्बी खेळाडूची हकीकत सांगते, कारण त्याच्या बाबतीत जवळजवळ असेच घडले.

रग्बी आपल्या पाड्यांवर कोणी खेळत नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो खेळतात, तेवढाच आपला संबंध. रग्बी युनियन या प्रकारात एका बाजूला पंधरा गडी असतात. चेंडू लंबगोल. हाताने तो पुढे फेकता येत नाही, मागच्यालाच द्यावा लागतो. पुढे जायचे तर चेंडू पोटाशी धरून धावायचे, आणि समोरचा गडी कबड्डीसारखी पकड करून जमिनीवर आपटतो. कबड्डी खेळणाऱ्या आपल्या मुलांना हा खेळ दोन दिवसांत कळेल. 1995 पर्यंत हा खेळ हौशी होता. त्या वर्षी पैसे घेऊन खेळायला मुभा मिळाली, आणि गरीब घरातल्या मुलाला त्यात पोट भरण्याची वाट दिसू लागली.

सिया कोलिसीचा जन्म 16 जून 1991 चा, पोर्ट एलिझाबेथ शहराजवळच्या झ्वीडे वस्तीतला. दुसऱ्याच दिवशी तिथल्या संसदेने माणसांची वर्णानुसार नोंद करणारा कायदा रद्द केला. कायदा गेला, वस्ती तशीच राहिली. आई सोळा वर्षांची, वडील अजून शाळेत. सांभाळले आजीने. ती लोकांच्या घरी कामाला जाई आणि स्वतः न खाता नातवाला भरवी. खेळणे म्हणून त्याच्याकडे एक वीट होती, तीच त्याची मोटार. शाळेत मिळे तेच पुष्कळदा दिवसाचे एकमेव जेवण.

वस्तीच्या क्लबात तो रग्बी शिकला. प्रांताच्या निवड चाचणीला गेला तेव्हा खेळाची चड्डी नव्हती, म्हणून आतल्या चड्डीवरच खेळला. पुढे बाराव्या वर्षी एका स्पर्धेत त्याचा खेळ पाहून ग्रे या मोठ्या शाळेने शिष्यवृत्ती देऊ केली. फी, राहणे, जेवण, बूट, मोजे, सगळे मिळाले. इंग्रजी येत नव्हते. एका वर्गमित्राने त्याला इंग्रजी शिकवले आणि त्याच्याकडून खोसा भाषा शिकून घेतली. हा तपशील मला फार आवडतो. आपल्या वसतिगृहात मुलांना मराठी शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्याकडून त्यांची बोली शिकून घेतली आहे, हे विचारण्याचा मोह मी आवरते.

नंतरची चढण भराभर सांगते. शाळेनंतर केपटाउनला वेस्टर्न प्रॉव्हिन्सच्या अकादमीत प्रवेश, मग करार, 2012 मध्ये स्टॉर्मर्स या व्यावसायिक संघात जागा. 15 जून 2013 रोजी स्कॉटलंडविरुद्ध राष्ट्रीय संघातून पहिला सामना. त्या दिवशी तो राखीव होता. सुरुवातीच्या मिनिटांतच एक खेळाडू जखमी झाला, सिया आत गेला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा त्याच्या वयाची बाविसावी पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. 2018 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. 2 नोव्हेंबर 2019 ला योकोहामात इंग्लंडला 32-12 असे हरवून त्याने विश्वचषक उचलला. तो त्याचा पन्नासावा कसोटी सामना होता. अंगावर सहा क्रमांकाचा अंगरखा होता. 1995 चा विश्वचषक देताना नेल्सन मंडेलांनी घातला होता तोच क्रमांक. बारा वर्षांपूर्वी, 2007 ची अंतिम लढत, हाच मुलगा वस्तीतल्या एका दारूच्या गुत्त्यात बसून पाहत होता, कारण घरी टीव्ही नव्हता.

या धंद्यात हाडांवरच पोट असते. एप्रिल 2023 मध्ये त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि शस्त्रक्रिया झाली. विश्वचषक सप्टेंबरात होता. तो ऑगस्टमध्ये मैदानावर परतला आणि ऑक्टोबरअखेर पॅरिसला न्यूझीलंडविरुद्ध 12-11 अशा एका गुणाने पुन्हा चषक जिंकला. सगळ्यांचेच गुडघे असे जुळत नाहीत. खेळातल्या मुलामागे पैसा लावताना त्याच्या हाती खेळाशिवाय दुसरे काय असेल, हे आधीच ठरवावे लागते.

तरुण हातात एकदम पैसा आल्यावर काय होते, तेही त्याने लपवलेले नाही. दारू, मोह, घराबाहेरचे जगणे. आपण स्वतःला ख्रिस्ताचा अनुयायी म्हणवतो आणि तसे जगत नाही, ही जाणीव आपल्याला बोचू लागली, असे त्याने उघड सांगितले आहे, आणि त्यानंतर त्याने नव्याने विश्वासाचा मार्ग धरला. कर्णधारपद मिळाल्यामुळे हा प्रश्न सुटला नव्हता. साक्ष देताना आपण नेहमी संकट आधी आणि यश नंतर ठेवतो. इथे क्रम तसा सरळ नाही, म्हणून मला ती जास्त खरी वाटते.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले तिथे येते.

सिया शाळेच्या वयात असतानाच आजी गेली, आईही गेली. आईची आणखी दोन मुले होती, त्याच्याहून बरीच लहान, एक मुलगा आणि एक मुलगी. सियाजवळ शिष्यवृत्ती होती, शाळा होती, पुढे अकादमी होती. त्या दोघांजवळ यातले काहीच नव्हते. ती अनाथाश्रमात आणि परक्या कुटुंबांत वाढली, आणि भावाशी त्यांचा संपर्क तुटला. व्यावसायिक खेळाडू झाल्यावर सियाने त्यांचा शोध घेतला आणि 2014 मध्ये दोघांना कायदेशीररीत्या आपल्या घरी आणले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी काही वाईट केले नाही. त्यांना रग्बी खेळणारा मुलगा दिसला, त्यांनी त्याला उचलले. पण त्याच घरातली दोन लेकरे कोणाच्या यादीत नव्हती. ती परत आली ती भाऊ मोठा झाला म्हणून, आणि त्याला ती आठवली म्हणून. तो गुडघा त्याआधीच फाटला असता तर?

आणखी एक गोष्ट. कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी संघात राखीव जागा असाव्यात का, यावर त्या देशात मोठा वाद आहे. सियाला विचारले तेव्हा त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की वरच्या संघात जागा मोजून भागणार नाही, सुरुवात वस्तीतून व्हायला हवी. मी त्या इंग्रजी शाळेत गेलो नसतो तर मला नीट खायला मिळाले नसते आणि माझी वाढही झाली नसती. या उत्तरावरून त्याच्यावर बरीच टीका झाली. राखीव जागांविषयीचे त्याचे मत मला पूर्ण पटत नाही. पण जेवणाविषयी तो जे बोलला ते मी रोज पाहते. आपल्याकडे पाचवीत दाखल होणाऱ्या मुलांचे वजन मी स्वतः घेते. कोण किती उंच होणार याचा बराचसा निकाल तोपर्यंत लागलेला असतो. खेळाची निवड आपण पुढे करतो, त्याआधी एक निवड चुलीपाशी होऊन गेलेली असते.

म्हणून समितीच्या सूचनेवर माझे म्हणणे असे. मुले जरूर पाठवू या. आपल्या एका मुलीला धावताना मी पाहिले आहे, तिला अडवणे पाप ठरेल. पण तिच्या फीचा आकडा ठरवताना तिच्या मागे घरी असलेल्या दोघा धाकट्यांच्या दुधाचा, अंड्यांचा आणि शाळेचा खर्च त्याच ओळीत मांडावा. तो मांडून पैसे तीन मुलांना पुरत नसतील, तर एकालाच पाठवावे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत मूल घरी जाईल, याचे गाडीभाडे आपण द्यावे, आणि पावसाळ्यात आई-वडिलांपैकी एकाला शाळेत नेऊन आणावे. देणगीदारांना आपण जे वार्षिक पत्र पाठवतो त्यात मुलाच्या पदकाचा फोटो असतो. त्याखाली भावंडांची नावे, वये आणि ती सध्या कुठे आहेत हेही छापावे.

अर्जाचा नवा नमुना मी तयार करून आणला आहे. भावंडांसाठी त्यात पाच रकाने आहेत. महिला मंडळाच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत, चहाच्या वेळी वाचा. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तोपर्यंत सूचना लिहून माझ्याकडे द्या.