अफवेला आवर, मताला मोकळीक



आपल्याच नाशिक विभागात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, 1 जुलै 2018 रोजी बाजारच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागात पसरली होती. अशा मजकुराला सरकारने आवर घालावा, असे कोणाला वाटणार नाही? आम्हांसही वाटते.

परंतु दुसरी बाजूही पाहा. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंदविषयी आपले मत फेसबुकवर लिहिले. मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली! त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ लावण्यात आले. ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे सैल शब्द त्यात होते. खरे बोलण्याने कोणालाच त्रास होत नाही, असे गाव कोठे आहे? 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा निराळी, समर्थन निराळे आणि चिथावणी निराळी, हा त्या निकालातील विवेक आहे.

आमचे मागणे एवढेच, की कायद्याने चिथावणीला अवश्य धरावे. पण त्याचे शब्द नेमके असावेत, आणि मजकूर काढण्याच्या हुकमाची कारणे लेखी मिळून त्याविरुद्ध दाद मागता यावी. बाकीचे काम आपले. आलेला निरोप खरा की खोटा, हे पाहिल्याखेरीज तो पुढे धाडू नये. राईनपाड्याचे पाच जीव एवढ्याने वाचले असते.