दिव्यांग बालक, त्याचें घर आणि बालवाडी

ज्या बालकास कमी ऐकूं येतें, ज्याचे पाय उशिरां चालूं लागतात, किंवा ज्याची वाचा चवथ्या वर्षींहि फुटलेली नाहीं, त्यानेंहि इतर मुलांबरोबर एकाच बालवाडींत बसावें, हा विचार आतां नवा राहिलेला नाहीं. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ सालच्या कायद्यानें एकत्र शिक्षणाचा पुरस्कार केला. २०२३ सालीं केंद्र सरकारनें अंगणवाड्यांसाठीं दिव्यांग बालकांविषयींची कार्यपद्धतिहि जाहीर केली. इतिहासहि याच बाजूस साक्ष देतो. डॉ. माँटेसरी यांनीं आपले आरंभीचे प्रयोग रोम येथें, मंदबुद्धि ठरवून बाजूस सारलेल्या मुलांबरोबर केले. त्यांचें प्रसिद्ध बालगृह १९०७ सालीं, म्हणजे त्यानंतर उघडलें.

परंतु प्रवेश म्हणजे स्वागत नव्हे. बालक बालवाडींत तीन-चार तास असतें. उरलेला दिवस तें घरीं असतें. त्या घराचें काय?

अशा घरची आई बहुधा थकलेली असते. इस्पितळाच्या, व्यायामोपचाराच्या फेऱ्या असतातच. शिवाय ‘हें तुमच्याच माहेरचें’ असा टोमणाहि कोठें कोठें ऐकावा लागतो. दुपारीं ती मुलास न्यावयास आली, कीं बाईंनीं रोज ‘आज हा बसला नाहीं, आज हा चावला,’ एवढेंच सांगितलें, तर ती शाळेची पायरी चढण्यास भिऊं लागते. एके दिवशीं मूल यावयाचें थांबतें. शाळेनें त्यास काढलें, असें कोणी म्हणत नाहीं. घडतें मात्र तेंच.

यावरील उपाय फारसे खर्चाचे नाहींत. पहिला हा, कीं शाळेनें आईस सांगण्यापूर्वीं तिला विचारावें. तहान लागली हें मूल कसें दाखवितें, कोणत्या आवाजास बिचकतें, कसें बसविलें म्हणजे त्याचे हात मोकळे होतात, हें तिच्याइतकें कोणास ठाऊक? दुसरा, घरच्या कामांत नव्या गृहपाठाची भर घालूं नये. सदरा घालतांना ‘आतां डावा हात’ असें म्हणणें, जेवतांना वाटी त्यालाच धरूं देणें, हेंच शिक्षण होय. तिसरा, भेटीची वेळ वडिलांस व आजीसहि सोयीची ठेवावी. पुष्कळ घरांत निर्णय त्यांच्या हातीं असतो. चवथा, अशा दोन घरांची ओळख करून द्यावी. समदुःखी माणसाचा शब्द तज्ज्ञाच्या सल्ल्याहून निराळा धीर देतो.

शेवटची विनंति इतर पालकांस. ‘त्याच्या संगतीनें आमचें मूल मागें पडेल,’ ही भीति मनांत असेल, तर वर्गांत एक तास स्वस्थ बसून पाहा. दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबणें, पडलेल्यास हात देणें, हें तेथें उपदेशावांचून शिकलें जातें. आणि आपल्या मुलाच्या येत्या वाढदिवशीं त्या बालकासहि बोलवा. तें कोणासच त्रास देणार नाहीं ना, असें त्याच्या आईस विचारूं नका. त्यास काय आवडतें, एवढेंच विचारा.