उद्यावर ढकललेला अभ्यास
(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या व पालकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विद्यापीठातील विद्यार्थ्यांविषयी बोलताना 'हल्लीची मुले आळशी झाली' हा शेरा वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी सहज येतो. प्रबंध रखडतात, प्रकल्प अखेरच्या रात्री उरकले जातात, हे खरे आहे. परंतु त्याला आळस म्हणून मोकळे होणे म्हणजे निदान न करताच रोग्याला दोष देणे होय.

आळशी माणूस निवांत झोपतो. चालढकल करणारा विद्यार्थी पुस्तक मिटतो आणि त्याच पुस्तकाच्या धास्तीने रात्र जागून काढतो. डायन टाइस व रॉय बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या प्रारंभी चालढकल करणाऱ्यांवरील ताण इतरांहून कमी होता; सत्र संपत आले तेव्हा मात्र त्यांचा ताण व आजारपण इतरांहून वाढले आणि गुणही कमी पडले. चालढकल ही अशी सावकारी उसनवारी आहे. आजची स्वस्थता उचलायची आणि परीक्षेच्या तोंडावर ती व्याजासह फेडायची.

ही उसनवारी पुष्कळदा भीतीपोटी होते. 'गुण कमी पडले तर तोंड दाखवू नकोस' हे ऐकत वाढलेल्या मुलाला कोरा कागद न्यायासनासारखा वाटतो. लिहिलेच नाही, तर निदान आज तरी निकाल लागत नाही! डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात पालकत्वाच्या तीन रीती मांडल्या : हुकमत गाजविणारी, सारे मोकळे सोडणारी, आणि शिस्त राखूनही तिचे कारण सांगणारी व मुलाचे ऐकून घेणारी. तिसऱ्या रीतीत वाढलेली मुले त्यांना अधिक स्वावलंबी आढळली. ती कुटुंबे प्रामुख्याने अमेरिकन मध्यमवर्गीय होती, हे ध्यानात ठेवूनही त्यातील बोध आपल्याला घेता येईल.

मात्र सारा दोष आईबापांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ज्या बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकून फी भरली, त्याच्या धाकामागे उद्याच्या भाकरीची चिंता असते. जागा मोजक्या आणि उमेदवार लाखो, अशी व्यवस्था प्रत्येक घराला परीक्षा-केंद्र बनविते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या; त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. प्रत्येक मृत्यूची कारणे वेगळी व गुंतागुंतीची असतील. पण एवढी मुले जात असताना तरुणांच्या मनावरील ताणाला 'नखरे' म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून परवडणारी फी, वसतिगृहे आणि प्रत्येक महाविद्यालयात प्रशिक्षित समुपदेशक या मागण्या आपण नेटाने लढविल्या पाहिजेत. परंतु एक काम मोर्चाची वाट पाहत थांबणारे नाही. सभेत लोकशाहीचा उद्घोष करणारे आपण उंबरठा ओलांडताच हुकूमशहा होतो की काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आज रात्री घरी गेल्यावर मुलाला 'किती गुण पडले?' असे विचारू नका. 'कोणता भाग अवघड जातो?' असे विचारा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. तो लगेच बोलणार नाही. वर्षानुवर्षांचा धाक एका रात्रीत जात नाही. उद्या पुन्हा विचारा. मुलांनी अभ्यास उद्यावर ढकलू नये असे वाटत असेल, तर आपणही हा संवाद उद्यावर ढकलता कामा नये.