पपई लावायची वेळ

आमच्या उमरेडला मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि नेमके तेच लग्नांचे दिवस. वलीम्याच्या गोश्ताला कच्ची पपई लावतात. तिच्या चिकातले पपेन नावाचे विकर मांसातली प्रथिने तोडते. थंडीत ते सुस्तावते, पण मरत नाही. उष्णतेबरोबर त्याचा वेग वाढतो. सर्वांत जोर 65 अंशांच्या आसपास, म्हणजे देग तापत असताना. उकळी फुटली की थोड्याच वेळात ते निकामी होते.

म्हणून रात्रीच पपई लावून गोश्त अंगणात ठेवणे मला पटत नाही. सकाळपर्यंत लगदा होतो, त्यात जंतूही वाढतात आणि पाहुणे आजारी पडतात. गोश्त बर्फात राहू द्यावे. पपई देग चढवण्याआधी अर्धा तास लावावी. बावर्ची कुरकुरतो. कुरकुरू द्यावे.