एका कोयत्यावर दोन नावं

दसरा-दिवाळी झाली की साऱ्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गाड्या भरून निघतात. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली, तेव्हा हजारो मजूर परमुलखातल्या फडांवर होते. बाहेर सगळं बंद, मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, मात्र एकमेकींना खेटून. एप्रिलमध्ये तपासणी करून त्यांना गावी सोडायला शासनानं परवानगी दिली.

कामावर असताना साथीनं माणूस दगावला, तर भरपाई कोणी द्यायची?

तेव्हाचा नुकसानभरपाईचा कायदा १९२३चा. काम करताना, कामामुळे अपघात झाला, तर मालक बांधील. आजाराचं तसं नाही. दवाखान्यात, प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला संसर्ग झाला, तर तो कामातूनच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे मालकानं दाखवायचं. कायद्यातल्या अशा कामांच्या यादीत ‘संसर्गाचा विशेष धोका असलेलं इतर काम’ असंही एक कलम आहे. तोडणी मजुराला आशा तेवढीच, आणि आपलं काम त्यात बसतं हे त्यानंच सिद्ध करायचं. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही हीच चौकट ठेवली आहे.

पुरावा आणायचा कुठून? मजूर आणणाऱ्या मुकादमाची वही उघडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर. पहाटे त्याच्याबरोबर फडात उतरणारी, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवणारी बाई त्या वहीत सापडत नाही. ती तापानं एक दिवस पडली, तर खाड्याचा दंड मात्र लागतो. मृत्यूची भरपाई काढताना निम्मा पगार घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणतात. जिच्या नावावर मजुरीच लिहिलेली नाही, तिच्यासाठी गुणायचं तरी काय?

म्हणून कारखानदारांना आणि मुकादमांना हात जोडून विनंती आहे. उचल देतानाच दोघांची नावं लिहा, मजुरी वेगवेगळी दाखवा. कुणाला ताप आला, तर तारीख आणि दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवा. विमा उतरवा. मजूर मुकादमानं आणला, एवढ्या कारणानं मूळ मालक जबाबदारीतून सुटत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि माझ्या बहिणींनो, यंदा गाडीत बसण्याआधी मुकादमाला एवढंच म्हणा: भाऊ, वहीत माझंही नाव लिही.