अर्धांगवायू आणि स्वावलंबन

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला रोगी घरीं परतला, म्हणजे संकट टळलें असें कुटुंबाला वाटतें. सून भरविते, मुलगा न्हाऊं घालतो, नातू चपला पायांत सरकवितो. या सेवेंत माया असते. परंतु कालपर्यंत घर चालविणारा मनुष्य तिच्यामुळेंच हळूहळू स्वतःच्या घरांत पाहुणा होऊन बसतो.

मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला, किंवा तेथें रक्तस्राव झाला, कीं बहुधा शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत. परंतु उरलेला मेंदू सरावानें नव्या वाटा शोधूं शकतो. म्हणून रोजचीं साधीं कामें हाच मोठा व्यायाम होय. या शास्त्रास व्यवसायोपचार म्हणतात. त्याचें शिक्षण देणारी शाळा कमलाबाई निंबकर यांनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं सुरू केली.

सदरा घालतांना लुळा हात प्रथम बाहींत घालावा. काढतांना चांगला हात प्रथम काढावा. स्नान भक्कम खुर्चीवर बसून करावें. पाणी किती ऊन आहे तें चांगल्या हातानें पाहावें; लुळ्या हातास चटका कळेलच असें नाहीं. रोग्यास उठवितांना तो हात धरून ओढूं नये. खांदा निखळण्याचें भय असतें.

जेवणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गिळण्याची परीक्षा तज्ज्ञानें केल्यावांचून घांस देऊंच नये. पुढें, उजवा हात गेला असेल तर डाव्या हातानें जेवावें लागतें, आणि महाराष्ट्रीय घरांत तो हात जेवणास वर्ज्य! चारचौघांत डाव्या हातानें जेवण्यापेक्षां अर्धपोटी उठणें पत्करणारे वृद्ध असतात. त्यांची समजूत उपदेशानें पटत नाहीं. घरांतील एखाद्या वडील माणसानेंच शेजारीं बसून डाव्या हातांत चमचा घ्यावा. थाळी उभ्या कांठाची असावी, ती सरकूं नये म्हणून खालीं ओलें फडकें घालावें, आणि सांडेल तें सांडूं द्यावें.

मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या कांहींना डावीकडचें जग जाणवतच नाहीं. ताटांतील चटणी-कोशिंबीर तशीच राहते, आणि घरचीं माणसें म्हणतात, तोंडाची चव गेली. अशा रोग्यास मान वळवून ताटाची डावी कड शोधावयास शिकवावें लागतें.

एक गुंडी लावावयास पांच मिनिटें लागतात, आणि पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढें होतो. तो हात आवरणें हीच कुटुंबाची खरी परीक्षा. गुंडी लागल्यावर रोगी मान वर करून पाहतो, तेव्हां ती नजर पाहुण्याची नसते.