लपवून घेतलेले औषध

(पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस आहे. आजार कोणता ते डॉक्टर सांगतात. औषध घरी कसे जाते ते मात्र आम्हाला दिसते. सर्दीची बाटली लोक हातात धरून नेतात. क्षयाच्या, म्हणजे टीबीच्या गोळ्या घ्यायला आलेला मनुष्य आधी दुकानातली गर्दी ओसरू देतो. मग चिठ्ठी पुढे करतो, गोळ्या कागदात गुंडाळून घेतो आणि खोके इथेच टाका म्हणतो. मार्च २०१४ पासून या औषधांची, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांची आणि पेशंटची नोंद आम्हाला वेगळ्या वहीत करावी लागते. वही उघडली की औषध मुलीचे असले तरी बाप स्वतःचे नाव सांगतो. का सांगतो, ते इथे बसलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. मुलीचा निकाह व्हायचा असतो.

अशाच एका मुलीची हकीकत सांगतो. गाव आणि नाव विचारू नका. बारावीत असताना तिला फुप्फुसाचा क्षय झाला. उपचार लगेच सुरू झाले. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढले. लग्न आधीच ठरलेले होते, तेही उरकले. अम्मीने गोळ्या रुमालात बांधून दिल्या आणि बजावले, कोणी विचारले तर ताकदीच्या आहेत म्हण. या औषधांत रिफॅम्पिसिन नावाचे औषध असते. त्याने लघवीला नारिंगी रंग येतो, घामाला आणि अश्रूंनाही येतो. त्यात अपाय काहीच नाही, पण सासूने एकदा विचारले आणि पोर घाबरली. चौथ्या महिन्यात तिने गोळ्या बंद केल्या. वर्षाच्या आत आजार उलटला, आणि या वेळी पहिली औषधे त्याच्यावर चालेनात. दुसरी औषधे दीड वर्षाहून अधिक घ्यावी लागली. ती आणायला तिचा नवराच येत असे. एकदा तो मला म्हणाला, "चाचा, पहिल्यांदाच सांगितले असते तर मीच आणून दिल्या असत्या."

सगळेच नवरे असे म्हणतील, असा माझा दावा नाही. पण त्याला विचारलेच नव्हते, हे खरे ना?

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. ती एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरते. दोन महिन्यांत बरे वाटते, याचे कारण बहुतेक जंतू तोवर मरतात. जे सुस्त पडून राहिलेले असतात त्यांच्यासाठी पुढचे चार महिने. नेमके याच काळात माणसाला वाटते की मी तर बरा झालो, आता लोकांना कशाला कळू द्यायचे? लपवून घेतलेली गोळी पाहुणे आले की चुकते, प्रवासात चुकते. कोणी आठवण करून देणारेही नसते, कारण कोणाला माहीतच नसते.

आमच्याकडे ताट-पेला वेगळा करण्याची चाल अजून आहे. क्षय ताटातून पसरत नाही. खोकल्याबरोबर हवेतून पसरतो. औषध लागू पडले की काही आठवड्यांतच पेशंटपासूनचा धोका फार कमी होतो. मद्रासमध्ये १९५६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना घरीच, दाटीच्या गरीब वस्तीत, औषधे दिली. घरचे पेशंट जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना आजार जास्त प्रमाणात झाला असेही आढळले नाही. म्हणून माणसाला कोपऱ्यात बसवू नका. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा, आणि गोळी रोज पोटात जाते की नाही ते बघा.

सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. शिवाय खुराकासाठी पेशंटच्या बँक खात्यात पैसे जमा होतात. २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. नाव लागेल या भीतीने हे पैसे सोडणारी घरेही मी पाहिली आहेत. त्यात खातीपिती घरे कमी आणि गरीबच जास्त, याचे वाईट वाटते.

रमजानबद्दल दरवर्षी विचारतात. आजारी माणसाला रोजा पुढे टाकण्याची सवलत आहे, हे मी मौलवीसाहेबांच्या समोर सांगतो आहे. तरीही पेशंट गुपचूप रोजे धरतो, कारण दिवसा पाणी प्यायले तर घरात विचारतील. क्षयाचे औषध दिवसातून एकदाच असते. तब्येत सावरली असेल तर वेळ बदलून जमेल का, हे डॉक्टरांना विचारावे, स्वतः ठरवू नये. साखरेच्या पेशंटने तर मुळीच नाही; गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. तुमच्या दादी-नानी उर्दू वाचतात, काही काहीच वाचत नाहीत. गोळ्यांच्या पाकिटावर इंग्रजी असते. आज घरी गेल्यावर त्यांची औषधे काढा. ज्याला जी लिपी येते तीत सकाळची कोणती, रात्रीची कोणती ते लिहून चिकटवा. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढा. आणि घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. कफ तपासायला पैसे पडत नाहीत. तो एकटा जायला लाजत असेल, तर तुम्ही सोबत जा.